भिंतीवर चढलेला गाडा

आमच्या घरात नवी वस्तू यायची तर आधी तिच्या नावाची कुळी काढली जाते. इस्त्री घ्यायला गेलो तेव्हा 'इस्त्री' हा शब्द कुठल्या बंदरावर उतरला हे ह्यांनी दुकानदाराला पाऊण तास समजावून सांगितलं. तेवढ्यात दुकान बंद करायची वेळ झाली आणि आम्ही हात हलवत परत आलो. पुढचे दोन आठवडे मी चुरगळलेल्या साड्या नेसून फिरले.

हे एकतीस वर्षं शब्दकोशाच्या कार्यालयात होते. तिथे चार टेबलं, सहा कपाटं आणि चिठ्ठ्यांचे हजारो खण. एक माणूस शब्द शोधायचा, दुसरा त्याचा अर्थ लिहायचा आणि हे त्याचं मूळ शोधायचे. हा शब्द कुठून आला, कुणाच्या तोंडून आला, वाटेत कुठे कुठे मुक्कामाला राहिला, असं सगळं. लोकांना सासरची माणसं पाठ असतात, ह्यांना शब्दांचे पणजोबा पाठ.

आठ महिन्यांपूर्वी हे निवृत्त झाले. सकाळी उठायचे, दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. चहा दिला की "हं." जेवायला बोलावलं की "हं." पुस्तकांच्या कपाटाला हात नाही, पेनातली शाई वाळून गेलेली. मी वरवर चिडचिड करायचे, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. समोर बसलेला माणूस रोज थोडा थोडा कमी होतोय असं वाटायचं, आणि त्याला धरायचं कुठे हेच कळत नव्हतं.

बरं, बघायला ती भिंत तरी धड असावी! पलीकडच्या न्हाणीघरातला नळ आतल्या आत गळून तिच्यात कमरेपर्यंत ओल चढली होती. रंगाचे पोपडे निघालेले. दहा वर्षं मी ती भिंत झाकत आले. कधी सोफा पुढे ओढ, कधी कुंड्या रांगेने मांड. मागच्या खेपेला माझी ताई आली आणि कुंडीच्या मागे डोकावून म्हणाली, "अगं, तुझी भिंत रडते की काय?" एवढ्यावर थांबली असती तर ती ताई कसली! नात्यातल्या अकरा घरांत हे वाक्य पोचलं. बाराव्या घरातून मला फोन आला.

आता बावीस तारखेला ताई पुन्हा चार दिवसांसाठी यायची होती. मी नळ दुरुस्त करून घेतला आणि सुतार बोलावला.

मिस्त्री चाळिशीचे, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्यांनी भिंतीवर बोटाची गाठ वाजवली, वास घेतला आणि म्हणाले, "नळ थांबला तरी भिंत वाळायला वर्ष घेईल, काकू. नुसता रंग दिलात तर पैसे पाण्यात. आधी उभ्या पट्ट्या ठोकू, मागे दोन बोटं हवा खेळती ठेवू आणि वरून लाकूड लावू. चौकटी करायच्या, चौकटीत फळी बसवायची. कमरेच्या वर चार बोटं उंच. वेनस्कॉट म्हणतात त्याला."

"काय म्हणालात?"

मी दचकून मागे वळले. हे बोलले होते. खुर्चीत ताठ बसले होते.

"वेनस्कॉट," मिस्त्री म्हणाले.

"हा शब्द कुठून आला?"

"पुस्तकातून, काका. नमुन्याच्या पुस्तकात लिहिलंय."

हे उठले. आठ महिन्यांत पहिल्यांदा स्टूल ओढून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढले. धुळीने शिंकले, पुन्हा चढले. मी स्टूल धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुळीने आलं असं मी मिस्त्रींना सांगितलं.

तीन दिवस हे पुस्तकांत बुडाले. चौथ्या दिवशी मिस्त्रींना समोर बसवून खुलासा झाला. मिस्त्रींच्या हातात रंधा होता आणि तो त्यांना खाली ठेवू दिला नाही.

"उत्तरेकडच्या थंड मुलखातून जहाजाने उत्तम ओकच्या फळ्या यायच्या," हे म्हणाले. "वेनस्कॉट हे त्या फळ्यांचं नाव. पुढे माणसांनी गारठ्यापासून बचाव म्हणून त्या फळ्या भिंतींना लावल्या आणि नावही फळीबरोबर भिंतीवर चढलं. पण मुळात काय? पूर्वार्ध म्हणजे गाडी, उत्तरार्ध म्हणजे फळी. गाड्या बांधायला वापरायचं ते निवडक लाकूड. कळलं?"

मिस्त्रींनी बराच विचार केला. "म्हणजे मी वीस वर्षं लोकांच्या भिंतींना गाड्या लावतोय?"

"तेच तर! आणि कशाच्या लावताय? प्लायवुडच्या!"

मिस्त्रींचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. आणि मग ह्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे जगातला दुसरा कुठलाही नवरा उच्चारणार नाही. "आपलं वेनस्कॉट गाडीच्याच फळ्यांचं होईल."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "अहो, नळ म्हणजे मुळात पोकळ बोरू, हे तुम्हीच मला लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलंत. म्हणून काय मोरीत बोरू लावायचा?"

"माझ्या हातात असतं तर लावला असता," हे शांतपणे म्हणाले. "निदान गळतोय हे बाहेरून दिसलं असतं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यात मिस्त्रींनी आगीत तेल ओतलं. त्यांचे वडील मालवाहू गाडे बांधायचे, ज्यांना घोडे जुंपतात तसे. आता घोडेही गेले आणि गाडेही, पण वडिलांच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांच्या फळ्यांचा ढीग तसाच पडून होता. "लाकूड सोन्यासारखं आहे, काका. चाळीस वर्षं वाळलंय. फक्त दिसायला..."

हे मिस्त्रींबरोबर त्या शेडकडे गेले आणि दुपारी टेम्पो आला. ह्यांची वाट बघत मी गॅलरीत उभी होते. हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले नव्हते. मागे, फळ्यांच्या ढिगावर, दोन्ही हातांनी दोरी धरून बसले होते. केसांत कोळिष्टकं, शर्टाला ग्रीस, आणि हसत होते. मोठ्याने, मोकळं हसत होते. ते बघून मी तोंड आवरलं, नाहीतर तो सगळा गाडा त्याच टेम्पोतून आल्या वाटेने परत गेला असता.

त्या फळ्या काय वर्णाव्यात! एक जाड, एक बारीक. कुठे खिळ्यांची भोकं, कुठे घोड्याने चावलेली कड. एकीवर लाल अक्षरांत 'काचसामान, सावकाश' असं रंगवलेलं. मिस्त्री ती अक्षरं रंध्याने काढायला गेले तर हे फळीपुढे आडवे झाले. "पुरावा आहे तो!" शेवटी ती फळी कोपऱ्यात, दाराच्या मागे लावायची असा तह झाला.

पुढचे दहा दिवस माझ्या दिवाणखान्याची वखार झाली होती. चहात भुसा, अंथरुणात भुसा. हे मिस्त्रींच्या हाताखाली काम करायचे. सँडपेपर मारायला शिकले, लाकडाच्या तंतूंना आडवं घासलं म्हणून बोलणी खाल्ली आणि ती गुपचूप ऐकूनही घेतली. चौकटीला सरस लावायचा, पण आतल्या फळीला कधीच नाही, ती खाचेत सैल सोडायची, म्हणजे दमट हवेत तिला फुगायला जागा राहते, हे ह्यांनी मला रात्रीच्या जेवणात तीनदा सांगितलं. मी तीनदा ऐकलं. आठ महिन्यांच्या 'हं'नंतर मी तेरा वेळाही ऐकलं असतं.

आणि ह्यांनी स्वल्पविरामांना पत्र लिहिलं.

स्वल्पविराम म्हणजे कार्यालयात ह्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारे गृहस्थ. एका स्वल्पविरामावरून त्यांनी एकदा तीन आठवडे अबोला धरला, तेव्हापासून हे नाव. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते दुसऱ्या गावी मुलीकडे गेले. फोन त्यांना आवडत नाही, फोनवर समोरच्याचं शुद्धलेखन दिसत नाही म्हणे. सव्वीस वर्षं ह्या दोघांचं एका शब्दावर एकमत झालं नव्हतं. तरी आपल्या गाड्याची बातमी कळवायला ह्यांना तोच माणूस सुचला. पाच पानी पत्र, सोबत भिंतीचं चित्र.

उत्तर आठव्या दिवशी आलं. हे मिस्त्रींबरोबर पॉलिश आणायला गेले होते. मी पाकीट उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मला कळतं, पण कळणं वेगळं आणि हात वेगळे.

एकच पान होतं. 'आपले पत्र पोचले. गाडीचा काहीएक संबंध नाही. पूर्वार्ध हा भिंतीसाठी असलेल्या जुन्या शब्दाचा अवशेष आहे, असे माझे मत. म्हणजे भिंतीची फळी. इतके सरळ आहे. आपण घरात मोडका गाडा लावून घेतलात याचे वाईट वाटते. भिंतीचे चित्र छान आहे, त्यातही तिरकेपणा आपलाच.'

भिंतीची फळी! म्हणजे ह्यांचं तीन दिवसांचं संशोधन, तो टेम्पो, ते हसणं, सगळं मुसळ केरात. हे पत्र वाचतील, खुर्चीत बसतील आणि परत उठणार नाहीत असं मला स्पष्ट दिसलं. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. शेवटची एक चौकट लावायची राहिली होती, पट्ट्यांमागची दोन बोटं फट समोर उघडी होती. मी पत्र तिच्यात टाकलं.

मिस्त्री दारात उभे होते. हे अजून जिना चढत होते.

"काही पडलं का, काकू?"

"नाही. लावा तुम्ही."

त्यांनी चौकट लावली, सरस लावला, लाकडी मेखा ठोकल्या. त्या फळ्यांना खिळे लावायचे नाहीत असा ह्यांचा हुकूम होता. वर पॉलिशचे तीन हात.

आणि काय सांगू, भिंत देखणी झाली. मी घोडा चावलेल्या फळीवरूनही हात फिरवून बघितला. ताई येऊ दे, म्हटलं. अकरा घरांत काय सांगते तेच बघते.

पण ह्यांचं लक्ष भिंतीकडे नव्हतं. हे जिना उतरून टपालपेटीकडे जायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. "पत्र नाही आलं?" "नाही हो." चार दिवस गेले. मग पोस्टमनला गाठून विचारलं. मग टपाल कार्यालयात जाऊन विचारलं. मी दर वेळी भाजी निवडत राहायचे आणि माझी मान वर व्हायची नाही.

सातव्या दिवशी हे खाली गेलेच नाहीत. खुर्चीत बसले. समोर तीच चकचकीत भिंत, आणि हे तिच्याकडे ती ओली असताना बघायचे तसेच बघत होते. मी चहा दिला.

"हं," म्हणाले.

बावीस तारीख उजाडली. ताईची गाडी अकराला यायची होती. मी पडदे बदलत होते. हे खुर्चीतूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वीस वर्षांत त्याने मला उत्तर दिलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. आता मी खोडून काढण्याच्या लायकीचाही राहिलो नाही बहुतेक."

माझ्या हातातून पडद्याची कडी पडली.

मी कसली मूर्ख! सव्वीस वर्षं हे संध्याकाळी घरी येऊन काय सांगायचे? 'आज साहेबांनी कौतुक केलं' असं एकदाही नाही. 'आज स्वल्पविराम म्हणतो मी चुकलो! मी!' असं म्हणत बूट भिरकावायचे. आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जायच्या. मी त्या माणसाला वाचवायला म्हणून त्याचं जेवणच भिंतीत चिणलं होतं.

मी आतल्या खोलीत जाऊन मिस्त्रींना फोन लावला. "करवत घेऊन या. आत्ता."

"काय झालं, काकू?"

"एक चौकट काढायचीय."

"मेखा आहेत त्याला. सरस आहे. कापावीच लागेल. पॉलिश परवा वाळलंय, काकू!"

"या तुम्ही."

ते आले तेव्हा त्यांचा चेहरा सुतकी होता. कुठली चौकट ते मी सांगायच्या आत त्यांनी नेमक्या चौकटीपुढे बैठक मारली.

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"तुम्ही पत्र टाकलंत तेव्हा दारातच होतो ना." ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं जुनं प्रेमपत्र असेल. पुष्कळजण टाकतात. अशी चौदा घरं झाली माझी. पण परत मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

करवतीचा पहिला आवाज झाला आणि हे खुर्चीतून ओरडत उठले. "काय करताय? अहो मिस्त्री! वेड लागलं का? फळीला धक्का लावू नका!"

"मीच सांगितलंय," मी म्हणाले. "आत तुमचं पत्र आहे. स्वल्पविरामांचं. पंधरा तारखेलाच आलं. मी फोडलं, वाचलं आणि आत टाकलं. तुम्हाला सहन होणार नाही असं वाटलं मला."

मिस्त्री मान खाली घालून कापत राहिले. पॉलिशच्या चकचकीत कडेवरून भुसा गळत होता आणि माझं काळीज त्याच्याबरोबर गळत होतं, कारण नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली. दार उघडंच होतं. ताई आत आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री.

समोर दिवाणखाना. त्यात भुशाचा ढीग, भिंतीला भगदाड, भगदाडात खांद्यापर्यंत हात घातलेला एक माणूस.

"सापडलं," मिस्त्री भिंतीच्या आतून म्हणाले.

पत्राच्या एका कोपऱ्याला ओल लागली होती, पण अक्षर शाबूत होतं. ह्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग पुन्हा वाचलं. कान लाल झाले, मग गाल, मग टक्कल. मी भिंतीला टेकले.

"गाढव!" हे म्हणाले.

"अहो, तब्येतीला..."

"निव्वळ गाढव! भिंत! म्हणे भिंत! पुरावा कुठाय? एक तारीख नाही, एक दाखला नाही, 'असे माझे मत'! तुझ्या मताला विचारतो कोण?" ह्यांनी पत्र हवेत फडकवलं. डोळे असे चमकत होते की मला आमच्या लग्नानंतरची पहिली वर्षं आठवली. मग एकदम थबकून माझ्याकडे वळले आणि चेहरा पडला. "पंधरा तारखेला आलं?"

"हो." आता बोलणी खायची माझी तयारी होती.

"म्हणजे सात दिवस! सात दिवस त्याला वाटत असेल की मी निरुत्तर झालो! अगं, माझं पेन कुठाय?"

पेन सापडलं. शाई मागच्या पाच पानांतच संपलेली. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून दिली. हे जेवणाच्या टेबलावर बसून लिहायला लागले, ओठ हलवत, मधूनच "हा!" असं ओरडत.

ताई अजून उभीच होती. ती वाकली, भगदाडात डोकावली आणि सावकाश म्हणाली, "अगं, आत ओल आहे."

"आहे ना," मी म्हणाले. "अजून वर्षभर राहील. सांग सगळ्यांना."

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. ताईपुढे असं बोलण्याची ही माझी उभ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मी हलत नाही हे बघून तिने स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, मिस्त्रींनाही दिला.

दीड तासाने हे उठले. हातात नऊ पानं. घसा खाकरून त्यांनी ती मला वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बंदरं, जहाजं, जुन्या नोंदी, आणि स्वल्पविरामांच्या बुद्धीबद्दल दोन परिच्छेद. वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारलं, "कसं वाटलं?"

इतकी वर्षं हे असं विचारायचे आणि मी हातातलं काम न सोडता म्हणायचे, "छान आहे." तेच ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"तिसऱ्या पानावरचं मला नाही पटलं," मी म्हणाले. "फळी चांगली म्हणजे ती गाडीचीच, हे कशावरून? चांगली फळी माणूस आधी घराला लावेल, गाडीला कशाला?"

ह्यांनी नऊ पानं टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसले.

"बोल," म्हणाले. "पुढे बोल."